यादीतला नंबर बघून लॅब निवडू नकोस

तुझा प्रश्न असा: पुण्यात एम.एस्सी. संपत आलंय, जेनेटिक्समध्ये पीएचडीसाठी इंग्लंडला यायचंय, ‘टॉप’ शास्त्रज्ञांच्या यादीतली वरची दहा नावं काढलीस आणि फक्त त्यांनाच मेल टाकणार आहेस. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहितो. असं करू नकोस.

आधी हे नंबर येतात कुठून ते बघ. बऱ्याच याद्या एच-इंडेक्स या आकड्यावर चालतात. 2005 मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. समज, एखाद्याचे पाच पेपर आहेत आणि त्यांना 40, 18, 9, 4 आणि 3 सायटेशन्स आहेत, म्हणजे इतर पेपरांनी तितक्या वेळा त्यांचा संदर्भ दिलाय. निदान चार सायटेशन्सचे चार पेपर भरतात, निदान पाचचे पाच भरत नाहीत, म्हणून एच-इंडेक्स 4. पहिल्या पेपरची 40 ची 40,000 झाली तरी आकडा 4 च. शिवाय तो वयाबरोबर चढत जातो, उतरत नाही. चार वर्षांपूर्वी लॅब उघडलेली हुशार बाई त्यात तुला दिसणारच नाही.

आपल्या विषयात आणखी एक गोम आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये मानवी जीनोमच्या, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या, मसुद्याचा पेपर ‘नेचर’मध्ये आला. पहिलं नाव एरिक लँडर यांचं, त्यांच्यामागे शेकडो नावं. आजाराशी जोडलेले जनुकीय फरक शोधायला लाखो माणसांचा डेटा लागतो आणि तो एका लॅबकडे नसतो, म्हणून कन्सॉर्शियम, म्हणजे अनेक लॅबचे मोठे गट, उभी राहतात. ज्याने रक्ताचे नमुने दिले, ज्याने गणित केलं, ज्याने पेपर लिहिला, सगळ्यांच्या खात्यात तेच सायटेशन पूर्णच्या पूर्ण जमा होतं. मोठं काम असंच होतं, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्या आकड्याशी फळमाशीवर प्रयोग करणाऱ्या चार माणसांच्या लॅबची तुलना करणं हा अन्याय आहे.

सगळ्या याद्या सारख्याही नाहीत. क्लॅरिव्हेट या कंपनीची यादी त्या-त्या विषयात आणि वर्षात वरच्या 1 टक्क्यात आलेले पेपर मोजते, आणि तिच्यात पहिला-दुसरा असा क्रम नसतोच. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस यांची यादी सहलेखकांची संख्या आणि लेखकाची जागा दोन्ही धरते. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स वगळूनही क्रम दाखवते. मला तीच जास्त प्रामाणिक वाटते. तरी तीसुद्धा झालेल्या कामाचाच हिशेब.

मी स्वतः यादी बघून लॅब घेतली होती. पहिल्या वर्षात बॉसशी एकट्याने बोलणं तीनदा झालं, त्यातलं एक लिफ्टमध्ये. मला खरं शिकवलं एका पोस्टडॉकने, म्हणजे पीएचडीनंतर तिथे काम करणाऱ्या संशोधिकेने. ती नोकरी बदलून गेली आणि माझा प्रोजेक्ट तिथेच बसला. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायचा आणि मी अडलेला डेटा घेऊन कोणाकडे जायचं हे न कळून बसून राहायचो. घरी असताना गाइड बदलण्यात सहा महिने गेले तरी आईच्या हातचं जेवण असतं. इथे स्कॉलरशिप साडेतीन-चार वर्षांत संपते आणि व्हिसा विद्यापीठाच्या नावावर असतो.

म्हणून एक संध्याकाळ काढ. गूगल स्कॉलरवर एकेक नाव उघड, पेपर वर्षानुसार लाव आणि गेल्या पाच वर्षांचेच बघ. जीवशास्त्रात शेवटचं नाव सहसा लॅबप्रमुखाचं आणि पहिलं ज्याने काम केलं त्याचं. प्रमुखाचं नाव सतत मधेच कुठेतरी येत असेल तर आकडा कन्सॉर्शियमचा आहे. शेवटी येत असेल तर पहिली नावं कोणाची ते पाहा. ती विद्यार्थ्यांची आहेत का? ते आता कुठे आहेत? त्यांच्यापैकी दोघांना मेल टाक आणि एवढंच विचार: गेल्या महिन्यात बॉस तुमच्याशी किती वेळा बोलले? बहुतेक जण मनापासून उत्तर देतात, मलाही कोणी विचारलं तर मी देतो.

तुझ्या नावावर अजून पेपर नाही म्हणून घाबरू नकोस. इथे संशोधनाला पैसे देणाऱ्या वेलकम ट्रस्ट आणि यूकेआरआय या दोन्ही संस्था संशोधन कसं जोखावं याबद्दलच्या ‘डोरा’ या जाहीरनाम्याच्या बाजूने आहेत. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात त्यावरून, माणूस जोखू नये असं तो सांगतो. डिसर्टेशनमध्ये तू काय केलंस ते नीट लिही.

आणि पहिला पेपर यायच्या आधी ऑर्किड (ORCID) आयडी काढ, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक. ‘एस. कुलकर्णी’ नावाचे किती संशोधक आहेत ते एकदा शोधून बघ, म्हणजे कळेल. स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच ठेव.