उभ्या पिकावरची फवारणी आणि खरेदीदाराचा नकार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे रोज सकाळी ओट्स होतात. कॅनडात कापणीच्या तोंडावर ओटच्या उभ्या पिकावर तणनाशक मारतात, असे मुलाकडून कळले. पीक हाताशी आलेले असताना तणनाशक कशासाठी? (गृहिणी, नाशिक)

कॅनडाच्या सस्कॅचवान आणि मॅनिटोबा प्रांतांत बहुतेक पेरणी मे महिन्यात होते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापणी उरकावी लागते, कारण त्यानंतर पाऊस आणि पहिला बर्फ कधी गाठेल याचा नेम नसतो. त्यातच एकाच शेतात उंचवट्यावरचे पीक सोनेरी झालेले असते, तर खोलगट भागात हिरवे फुटवे तसेच उभे असतात. अशा वेळी ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले की तण आणि हिरवे फुटवे दोन्ही वाळतात आणि हार्वेस्टर एका दमात चालवता येतो. तिकडच्या लेबलवर हा वापर बहुवर्षायू तणांच्या बंदोबस्तासाठी नोंदलेला आहे; पीक लवकर आणि एकसारखे वाळते, हा त्यातून मिळणारा लाभ, आणि अनेक शेतकरी मुख्यतः त्यासाठीच फवारतात.

खरी मेख वेळेत आहे. ग्लायफोसेट आंतरप्रवाही आहे. ते पानातून शिरते आणि अन्नरस जिकडे चालला असेल तिकडे त्याच्याबरोबर जाते. दाणा भरत असताना अन्नरस दाण्याकडेच वाहतो. म्हणून शेतातल्या सर्वांत कच्च्या भागातही दाण्याचा ओलावा 30 टक्क्यांखाली आल्याशिवाय फवारू नये आणि त्यानंतर 7 ते 14 दिवसांनी कापणी करावी, असा तिथला नियम आहे. शेतकरी दाणा अंगठ्याच्या नखाने दाबतो. नखाची खूण दाण्यावर तशीच राहिली तर वेळ झाली असे समजतात. ही परीक्षा उंचवट्यावरच्या कणसावर घेऊन सगळे शेत फवारले, तर खोलगटातल्या दाण्यात औषध उतरते, आणि मळणीत दोन्ही दाणे एकत्र होतात.

प्रश्न : मी डाळीचा व्यापार करतो. कॅनडाचा गहू कायद्याच्या मर्यादेत असूनही इटलीने तो नाकारला, असे वाचले. माल नियमात बसत असेल तर नकार कशाचा? (व्यापारी, लातूर)

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. गव्हातल्या ग्लायफोसेटच्या अवशेषाची मर्यादा कॅनडात किलोमागे 5 मिलिग्रॅम आहे, तर युरोपीय संघाने आखलेली मर्यादा 10 मिलिग्रॅम होती. म्हणजे कॅनडाचा नियम पाळणारा माल युरोपच्या कायद्यात सहज बसत होता. तरीही ड्युरम गव्हाची, म्हणजे आपण रव्यासाठी आणि शेवयांसाठी ज्याला बन्सी म्हणतो त्या जातीच्या गव्हाची, इटलीकडे होणारी निर्यात 2017 नंतर कोसळली. इटलीने ऑगस्ट 2016 मध्ये स्वतःच्या शेतकऱ्यांना कापणीपूर्व फवारणीची बंदी केली. साहजिकच तिथल्या शेतकरी संघटनांनी विचारले, की आम्हाला मना केलेली गोष्ट आयात मालात कशी चालते? 2018 च्या फेब्रुवारीपासून या गव्हापासून होणाऱ्या पास्त्याच्या पुड्यावर गहू कोणत्या देशाचा हे छापणे बंधनकारक झाले. ग्राहक पुडा उलटून पाहू लागला, तेव्हा मोठ्या खरेदीदारांनी आपल्या करारात 0.01 मिलिग्रॅमची अट घातली. ती कायद्याच्या मर्यादेच्या हजाराव्या भागाइतकी आहे.

कायदा माल बंदरातून आत येऊ देतो. तो विकत घ्यायला खरेदीदाराला भाग पाडत नाही. पुढे इटलीत गहू कमी पडला तेव्हा कॅनडाचा माल पुन्हा जाऊ लागला, हेही नोंदवले पाहिजे. दरम्यान 2023 मध्ये युरोपीय संघाने ग्लायफोसेटची मंजुरी डिसेंबर 2033 पर्यंत वाढवली, पण कापणीची वेळ साधण्यासाठी पीक वाळवण्याचा वापर मात्र बंद केला.

आपल्या व्यवसायाला लागू असलेली बाब मसुरीची. कॅनडाच्या मसुरीवरही अशी फवारणी होते. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2018 मध्ये आयात डाळींची ग्लायफोसेटसाठी तपासणी करण्यास सांगितले आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा, मसुरीसाठी किलोमागे 5 मिलिग्रॅम, लागू केली. आयात माल घेताना तपासणीचा दाखला मागून घ्यावा.

प्रश्न : आमच्या ओळखीचे एक शेतकरी ही फवारणी करत नाहीत, तरी त्यांना जास्त भाव मिळत नाही. असे का? (वाचक, रेजायना, कॅनडा)

कारण न फवारलेला माल ही बऱ्याच ठिकाणी जादा भावाची बाब न राहता दारातून आत येण्याची अट झाली आहे. ग्रेन मिलर्स या ओट दळणाऱ्या कंपनीने 2015 मध्ये कापणीपूर्व ग्लायफोसेट मारलेला ओट घेणार नाही, असे कळवले. कारण दिले ते आरोग्याचे नव्हे, तर दाण्याच्या प्रतीचे. माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवण्यासाठी, जव घेणारेही असा माल टाळतात, कारण त्यांना जव उगवून यावा लागतो.

दुसरे कारण कोठाराचे. समजा, फवारलेल्या गव्हात 2 मिलिग्रॅम अवशेष आहे आणि तो शंभर भागांत एकच भाग मिसळला. सगळ्या ढिगाचे प्रमाण 0.02 होते, म्हणजे इटलीच्या खरेदीदारांच्या 0.01 च्या अटीच्या दुप्पट. एका ट्रकमुळे शेजारच्या स्वच्छ मालाचाही भाव जातो. आपल्या परिचितांच्या कष्टाचे चीज होण्यासाठी त्यांचा माल स्वतंत्र साठवला जाणे आणि तसा करार आधीच होणे आवश्यक आहे. तोवर त्यांच्यावर होणारा हा अन्याय मला खरोखर बोचतो.

प्रश्न : धान्य धुतल्याने अवशेष जातो का? (वाचक, पणजी)

दाण्याच्या आत उतरलेला जात नाही. कोंड्यात तो मैद्यापेक्षा जास्त सापडतो.

प्रश्न : हार्वेस्टरवाला म्हणतो, हरभरा हिरवा आहे, पॅराक्वाट मारा, चार दिवसांत वाळेल. मारू का? (शेतकरी, वाशीम)

मारू नये. पॅराक्वाट हे तणनाशक स्पर्शजन्य आहे, म्हणजे जिथे लागते तिथेच जाळते, त्यामुळे झाड झपाट्याने वाळते हे खरे. पण त्याच्या मंजूर पिकांत हरभरा नाही, आणि ते पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. ग्लायफोसेटचीही आपल्याकडची मंजुरी चहाचे मळे आणि पीक नसलेली जमीन एवढ्यापुरतीच आहे.

बाजाराचा धोका मध्य प्रदेशात दिसला. तिथे उन्हाळी मूग हार्वेस्टरने काढण्यासाठी उभ्या पिकावर तणनाशक मारण्याची चाल पडली. 2025 मध्ये राज्य सरकारने हेच कारण पुढे करून मुगाची हमीभाव खरेदी टाळली. शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर जुलैमध्ये ती सुरू झाली. क्विंटलला 8,682 रुपयांचा हमीभाव जाहीर असताना ज्यांनी फवारले नव्हते तेही तिष्ठत बसले.

आपल्या शेतात वाकून पाहावे. खालचे घाटे वाळून खुळखुळत असतात आणि शेंड्याला मात्र हिरवे घाटे, कधी फूलसुद्धा असते. शेंडा मारून मिळणारे ते घाटे पोचटच निघतात. शेवटचे पाणी वेळेत तोडले तर हिरवेपणा बराच कमी होतो. हार्वेस्टरनेच काढायचे असेल, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले विक्रम हा उंच वाढणारा वाण त्यासाठीच आहे. या वर्षी मात्र कापून तीन-चार दिवस उन्हात वाळवून मळणी करावी. आणि शेजाऱ्याने फवारणी केलीच असेल, तर त्याच्याकडून पुढच्या रब्बीसाठी बियाणे घेऊ नये, कारण त्याच्या उगवणीची खात्री नसते.