वॉरफ्रेममध्ये १६५ टक्क्यांचा दुसरा मॉड लावूनही डॅमेज दुप्पट का होत नाही?

तुमचा प्रश्न असा की वॉरफ्रेम या व्हिडिओ गेममध्ये रायफलवर सेरेशन (मॉड, म्हणजे शस्त्राची ताकद वाढवणारं कार्ड) होतंच, त्यावर हेवी कॅलिबर चढवलं, दोन्हींवर +१६५% लिहिलंय, पण दुसऱ्याने पहिल्याइतका फरक पडला नाही. मॉड बिघडलेला नाही. एका जातीचे बोनस आधी एकमेकांत मिळवले जातात, गुणाकार होतो तो वेगवेगळ्या जातींचा.

समजा बेस डॅमेज, म्हणजे गनचा मॉडशिवायचा मूळ मारा, १०० आहे. सेरेशनने २६५ झाला. हेवी कॅलिबरही बेस डॅमेजच वाढवतं, म्हणून तेही मूळ १०० वरच मोजलं जातं आणि एकूण ४३० होतात. म्हणजे हातात पडलेली वाढ जेमतेम ६२ टक्के, वर नेम बिघडतो तो वेगळाच. आता हेवी कॅलिबरचा स्लॉट (मॉड बसवायची जागा) रिकामा करून तिथे हेलफायर हा आगीचा मॉड लावा. त्यावर +९०% एवढंच लिहिलंय, पण एलिमेंटचा (आग, वीज वगैरे प्रकारच्या जादा डॅमेजचा) हिशोब वाढलेल्या २६५ वर होतो: सुमारे ५०३. छोटा आकडा जिंकला! दुसरा ९० टक्क्यांचा एलिमेंट मात्र पहिल्यातच मिळवला जातो, तेव्हा २६५ गुणिले २.८, म्हणजे ७४२. स्प्लिट चेंबर या मॉडचा मल्टीशॉट (एका फैरीत जादा गोळ्या) या सगळ्याला पुन्हा सरासरी १.९ ने गुणतो.

क्रिटमध्ये (अधूनमधून कित्येक पट बसणाऱ्या फटक्यात) मीही बरेच दिवस फसलो होतो. पॉइंट स्ट्राइक हा मॉड क्रिटचा चान्स वाढवतो, पण त्याचे १५० टक्के हे गनच्या मूळ चान्सचे १५० टक्के. मूळ २०% असेल तर ५०% होतो, १७०% नाही. क्रिटचा मूळ गुणक २x असेल तर व्हायटल सेन्स या मॉडच्या १२० टक्क्यांनी तो ४.४x होतो. दोन्ही मिळून सरासरी गुणक १.२ वरून २.७ वर जातो. पण मूळ चान्सच पाच-सहा टक्के असलेल्या गनवर हे दोन स्लॉट फुकट घालवू नका.

राहिले बेन मॉड, म्हणजे एकाच शत्रूगटावर चालणारे; ग्रिनीअर हा असाच एक शत्रूगट. बेन ऑफ ग्रिनीअरचे ३० टक्के बघून लोक नाक मुरडतात. पण हा बोनस शेवटी, सगळ्या हिशोबावर लागतो आणि ब्लीडसारख्या (रक्तस्राव) स्टेटसवर, म्हणजे गोळी लागल्यानंतरही चालू राहणाऱ्या परिणामावर, दोनदा लागतो: १.३ गुणिले १.३, म्हणजे १.६९. आर्सेनलच्या (शस्त्रं आणि मॉड लावायच्या स्क्रीनच्या) आकड्यात तो दिसत नाही, त्यामुळे मॉड लावल्यावर तिथला डॅमेज जागचा हलला नाही म्हणून काढून टाकू नका. सिम्युलॅक्रममध्ये (गेममधल्या सरावाच्या जागेत) एखादा ग्रिनीअर उभा करून मॉडसह आणि मॉडशिवाय ब्लीडचे आकडे बघा.