डास मेले, मग शेकाटे कुठे गेले?

प्रश्न : आमच्या मागच्या पाणथळीत डासांसाठी फवारणी चालू आहे. ‘जीवाणूंचं औषध आहे, पक्ष्यांना काही होत नाही’ असं सांगतात. पण यंदा शेकाटे, म्हणजे ते लांब पायांचे पाणपक्षी, कमीच दिसतात. औषधानं मेले असतील का?

उत्तर : जीवाणूंचं औषध म्हणजे बहुधा बीटीआय, डासांच्या अळ्या मारणाऱ्या एका जीवाणूपासून केलेलं. ते शेकाट्याला मारत नाही. त्याचं विष डासाच्या अळीच्या अल्कधर्मी आतड्यातच जागं होतं, पक्ष्याच्या आम्लधर्मी पोटात नाही. इथवर तुम्हाला सांगितलं ते खरं. गोम पुढे आहे.

मी पाणथळीवर जाताना पांढरी थाळी आणि पिठाची जुनी चाळण नेतो. थाळीत पाणी घेतलं की डासांच्या अळ्या डोकं खाली करून लोंबतात, सावली पडली की वळवळत तळ गाठतात. काठचा चिखल चाळला की लालभडक, दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या निघतात. त्या न चावणाऱ्या चिलटांच्या, आणि शेकाटे, तुतवार यांची खरी भाकरी तीच. चिलटं डासांची जवळची भावकी. बीटीआयची मात्रा वाढली की तीही मरतात.

फ्रान्समधल्या कामार्गच्या दलदलीतलं उदाहरण बघा. फवारलेल्या भागात हाउस मार्टिन या पाकोळ्यांच्या घरट्यांतून सरासरी 2.3 पिल्लं उडाली, न फवारलेल्या भागात 3.2. चिलटं घटली, त्यांच्यावर जगणारे कोळी आणि चतुर घटले. पिल्लांच्या चोचीत उडत्या मुंग्या जास्त पडू लागल्या. 2010 मध्ये हे प्रसिद्ध झालं. उलट अमेरिकेत मिनेसोटाच्या पाणथळींतल्या अभ्यासात पक्ष्यांवर असा परिणाम दिसला नव्हता. माझ्या मते दोन्ही खरं असू शकतं. मात्रा किती आणि तिथला पक्षी पिल्लांना काय भरवतो, यावर सगळं आहे.

डीडीटी या जुन्या रासायनिक कीटकनाशकाचं पाप वेगळंच होतं. ते माशांत साठत गेलं आणि मासे खाणाऱ्या घारींच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवतानाच फुटायची. फेन्थिऑन हे दुसरं रासायनिक कीटकनाशक तर पक्ष्यांना थेट मारतं. म्हणून डब्यावरचं नाव स्वतः वाचा, नुसत्या ‘जैविक’ शब्दावर जाऊ नका.

आणि शेकाटे कमी का, याचा दोष लगेच औषधाला देऊ नका. पाणी किती चढलंय ते आधी बघा. पाय बुडून पोटाला पाणी लागलं की ते उथळ जागा शोधत निघून जातात. पाणी तेवढंच असेल, तर फवारणीआधी आणि दोन आठवड्यांनी एकाच जागचा ओंजळभर चिखल चाळा, लाल अळ्या मोजा, आणि दोन्ही आकडे मला कळवा.