अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष की राष्ट्रपती?

प्रश्न असा : भारताच्या प्रेसिडेंटला आपण राष्ट्रपती म्हणतो, मग अमेरिकेच्या प्रेसिडेंटला मराठी वर्तमानपत्रं राष्ट्राध्यक्ष का म्हणतात? हिंदीत तर दोघेही राष्ट्रपतीच.

हिंदीत तसं आहे खरं, आणि हिंदी वाहिन्यांच्या संगतीने 'अमेरिकेचे राष्ट्रपती' मराठीतही डोकावू लागले आहेत. त्याला चूक म्हणणार नाही, पण लिहावं राष्ट्राध्यक्षच. राष्ट्रपती हे आपल्या राज्यघटनेतलं पदनाम आहे. शिवाय अमेरिकेत हे पद निर्माण झालं तेव्हा त्यातलं 'पती'पणच, म्हणजे धनीपणच, अनेकांना खुपत होतं.

त्या काळी प्रेसिडेंट म्हणजे सभेच्या पुढ्यात बसून कामकाज चालवणारा. लॅटिन मुळाचा अर्थही 'पुढे बसणे' असाच. कॉन्टिनेंटल काँग्रेसलाही, म्हणजे स्वातंत्र्यलढ्याच्या काळातल्या अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेलाही, प्रेसिडेंट असे, पण त्याच्या हाती सत्ता अशी फारशी नसे. पेनसिल्व्हेनियात कार्यकारी मंडळाच्या प्रमुखाला प्रेसिडेंट म्हणत; 1785 ते 1788 या काळात बेंजामिन फ्रँकलिन त्या खुर्चीत होते. 1787 साली फिलाडेल्फियात घटना लिहायला जमलेल्या सभेचे प्रेसिडेंट होते जॉर्ज वॉशिंग्टन. तिथे जेम्स विल्सन यांनी कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीकडे द्यावी असं सुचवलं, तर एडमंड रँडॉल्फ यांना त्यात राजेशाहीचा गर्भच दिसला. शेवटी सत्ता एकाकडेच गेली, नाव मात्र साधं राहिलं. ऑगस्टमधल्या मसुद्यात त्याच्या जोडीला 'हिज एक्सलन्सी' होतं, अंतिम घटनेत तेही गळलं.

खरी गंमत 1789 ची. 30 एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली आणि त्यांना संबोधायचं कसं यावरून सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, काथ्याकूट सुरू झाला. उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांना नुसतं 'प्रेसिडेंट' फारच मिळमिळीत वाटे. प्रेसिडेंट काय, आग विझवणाऱ्या मंडळ्यांचे आणि क्रिकेट क्लबाचेही असतात, असं ते म्हणाल्याची नोंद सिनेटर विल्यम मॅक्ले यांच्या डायरीत आहे. सिनेटच्या समितीने सुचवलेली उपाधी मराठीत साधारण अशी होईल : 'महाराज, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्यांचे संरक्षक'. पुढे भालदार-चोपदार उभे केले की झालं! प्रतिनिधिगृहाने, म्हणजे खालच्या सभागृहाने, मात्र हे साफ नाकारलं. सरदारकीच्या पदव्या देऊ नयेत असं घटनेतच लिहिलेलं होतं. 14 मे रोजी सिनेटने हात टेकले आणि 'प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स' एवढंच उरलं. ॲडम्स यांच्या वाट्याला, त्यांच्या अंगलटीवरून, 'हिज रोटंडिटी' ही पदवी आली; आपण 'श्रीमान गोलमटोल' म्हणू.

आता 'अध्यक्ष'कडे पाहू. हा शब्द बसण्यावरून आलेला नाही; अधि आणि अक्ष, म्हणजे वरून नजर ठेवणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीचा सीताध्यक्ष, जकातीचा शुल्काध्यक्ष, नौकांचा नावध्यक्ष अशी अध्यक्षांची रांगच आहे, आणि ते सगळे नेमलेले अधिकारी. मालकीचा दर्प या शब्दाला नाही, म्हणून ॲडम्सविरोधकांच्या निवडीशी तो चांगला जुळतो. फ्रान्सच्या प्रेसिडेंटलाही हाच शब्द चालतो. इंग्लंडच्या राजाला मात्र राष्ट्राध्यक्ष म्हणू नये. तिथे 'राष्ट्रप्रमुख' हा शब्द आहे.

एक अडचण उरते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष स्वतः कुठल्याच सभागृहाचं कामकाज चालवत नाहीत. सिनेटचे 'प्रेसिडेंट' घटनेनुसार उपाध्यक्ष असतात. म्हणजे शब्दशः भाषांतर केलं तर 'उपाध्यक्ष हे सिनेटचे अध्यक्ष' असं वाक्य तयार होतं आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. तिथे सरळ 'सिनेटचे सभापती' लिहावं. राज्यसभेच्या आणि आपल्या विधान परिषदेच्या वरिष्ठ खुर्चीला आपण सभापतीच म्हणतो, त्यामुळे वरच्या सभागृहाशी तो शब्द आपोआप जुळतो.