बोटीवर जाणं वेगळं, बोट घडवणं वेगळं

नमस्कार ताई,

तुमचं अलिबागहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. लेक बारावी सायन्सला आहे. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाताना ती रो-रोमध्ये, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीत, गाड्यांच्या डेककडेच बघत बसते आणि आता म्हणते, प्रवासी बोटी डिझाइन करायच्यात. यजमान म्हणतात मेकॅनिकल घे. तुम्हाला धास्ती, की मुलगी सहा-सहा महिने समुद्रावर राहणार. आणि सासूबाईंनी 'रामदास'चं नाव काढून विषयच मिटवला.

आधी तुमची धास्ती. जहाजावर नोकरी करतो, इंजिन चालतं ठेवतो, तो मरीन इंजिनिअर. तुमची लेक म्हणतेय ते नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजांचं डिझाइन. ते काम डिझाइन ऑफिसात आणि गोदीत चालतं, समुद्रात जायचं ते चाचणीपुरतं. फॉर्म भरताना या दोन नावांचा फार घोळ होतो. काही वर्षांपूर्वी बोटींची चित्रं काढणाऱ्या एका मुलाला मी स्वतः घाईत मरीन इंजिनिअरिंग सुचवलं होतं. पहिल्याच सफरीवरून त्याचा फोन आला, "सर, इथे मी काहीच बनवत नाही." ती चूक माझी होती आणि ती मला अजून लागते.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं कोणी उडवून लावू नका. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. लाटांनी बोट हेलकावली, घाबरलेली माणसं एका अंगाला धावली आणि बोट कलंडली, असंच आपल्याकडे घरोघरी सांगतात. या शाखेचा गाभा त्यातच आहे. मालवाहू जहाजात माल बांधून ठेवता येतो, माणसं बांधता येत नाहीत. पावसाची सर आली, डॉल्फिन दिसला, धक्का जवळ आला, की सगळी एका कठड्याला. म्हणून प्रवासी जहाजाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हीच धावपळ गृहीत धरलेली असते. माणूस ७५ किलोचा, एका चौरस मीटरमध्ये चार जण, सगळे एकाच कडेला, तरी जहाज १० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. हे आधी कागदावर सिद्ध करायचं. मग जहाज पाण्यात उतरलं की ठरावीक वजनं डेकवर या कडेहून त्या कडेला सरकवायची, लंबक टांगून कल मोजायचा आणि जहाजाचा गुरुत्वमध्य नेमका किती उंचीवर आहे ते काढायचं. तो ठरल्याहून वर निघाला, तर जहाज लवकर कलंडतं, म्हणून डिझाइन करणाऱ्याची झोप उडते.

रो-रोचा प्रश्न आणखी नाजूक. परातीत बोटभर पाणी घेऊन लेकीला घरभर चालायला सांगा. परात जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. गाड्यांचा डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा असतो, तीच ती परात. १९८७ मध्ये बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरी पुढचा दरवाजा उघडाच ठेवून निघाली. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, ती काही मिनिटांत आडवी झाली आणि १९३ जण गेले. तुमच्या लेकीची नजर त्या डेकवर खिळते, हे मला म्हणूनच फार आवडलं.

तिनं विचारलंय, आपली मांडव्याची बोट ग्रीसमध्ये का बांधली, इथे का नाही? इथेही बांधतात, ते बघायला तिला कोचीला घेऊन जा. तिथली वॉटर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली. शंभर प्रवाशांच्या बॅटरीवर चालणाऱ्या बोटी, सगळ्या कोचीन शिपयार्डने बांधलेल्या. बॅटरी जड, म्हणून अंग ॲल्युमिनियमचं. खाली एकाऐवजी दोन अरुंद तळ, त्यामुळे बोट रुंद आणि स्थिर राहते, शिवाय काठावर लाटा कमी आपटतात. धक्का तरंगता आहे, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, त्यामुळे बोट आणि धक्का एका पातळीत राहतात आणि व्हीलचेअर थेट आत जाते. सासूबाईंनाही न्या, त्यांना कोणी हाताला धरून चढवावं लागणार नाही. कोचीहून पुढे वैकमलाही जा. २०१७ पासून तिथे 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौरऊर्जेवरची बोट चालते.

शिकायचं कुठे? आयआयटी खरगपूर आणि आयआयटी मद्रास, दोन्हीकडे जेईई ॲडव्हान्स्डमधून. कोचीच्या कुसॅट विद्यापीठात त्यांच्या स्वतःच्या कॅट प्रवेशपरीक्षेतून (एमबीएची कॅट ती वेगळी). इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम कॅम्पसला आयएमयू-सीईटीतून. माझा कल कुसॅटकडे आहे, कारण गोदी त्याच शहरात आहे. इंटिग्रेशनचा कंटाळा करते असं तुम्ही लिहिलंय, तो मात्र सोडावा लागेल. बोटीचं अंग सगळं वाकडं, त्याचं क्षेत्रफळ आणि घनफळ इंटिग्रेशननेच निघतं, तेही रोज.

यजमानांची शंका रास्त आहे. निव्वळ प्रवासी बोटींचं काम आपल्याकडे अजून थोडं आहे. माझगाव डॉक किंवा गोवा शिपयार्डमध्ये लागली तर बहुतेक युद्धनौकांवर काम करेल, आणि पहिली दोन-तीन वर्षं पाइप आणि पोलादी पत्र्यांच्या ड्रॉइंगमध्येच जातील. जहाजांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचं मुख्यालय पवईत आहे, घराजवळची वाट म्हणून तीही लक्षात ठेवा. मेकॅनिकल करून पुढे या विषयात एम.टेक. करता येतं, त्यासाठीच्या गेट परीक्षेत २०२२ पासून नेव्हल आर्किटेक्चर आणि मरीन इंजिनिअरिंगचा वेगळा पेपरही आहे. तरी मी सरळ वाटच सुचवेन. चार वर्षं दुसरंच काही शिकून मूळ आवडीकडे परतलेली मुलं मी फार थोडी पाहिली.

फॉर्म भरण्याआधी एक काम तिनं करावं. टिनच्या पत्र्याची वीतभर बोट करून ती बादलीत तरंगवायची, कडेला एकेक नाणं ठेवत जायचं आणि कोनमापकानं कल मोजायचा. मग तीच नाणी एकावर एक रचून, उंचावर ठेवून पुन्हा मोजायचा. आकड्यांचा तक्ता तिच्या हातानं लिहिलेला हवा, आणि पुढचं पत्र तिनंच लिहावं. बोट कितव्या नाण्याला उलटली आणि तिच्या मते का, एवढं त्यात असलं की पुढचं मी तिच्याशीच बोलेन.