मूठ उघडत नाही, मग माझा विश्वास कुठे कमी पडला?

लातूरमध्ये समुपदेशन करताना ख्रिस्ती कुटुंबांतून, विशेषतः घरात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले माणूस असलेल्या स्त्रियांकडून, एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो : देवासाठी माझ्या हातून मोठे असे काहीच घडत नाही, मग माझा विश्वास खरा कसा म्हणायचा? ज्या बाईंविषयी मी लिहीत आहे (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत), त्या साठीच्या आसपासच्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या मदतनीस. पतीची उजवी बाजू लकव्याने गेल्यापासून त्यांची रविवारची उपासना, उपवास-प्रार्थना आणि महिला मंडळ, सारेच सुटले होते. आणि चर्चच्या मंडळीत कुणी आजार बरा झाल्याची साक्ष दिली की ती आपल्यालाच टोमणा आहे, असे त्यांना वाटू लागले होते.

मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर सरकेल, हे येशूचे वचन मी त्यांना ऐकवले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, मोहरीएवढा असता तर डोंगर सरकला असता. इथं ह्यांची मूठ उघडत नाही. मी नुसती भाकरी थापते."

वचन ऐकवून मोकळे होण्याची आम्हा ख्रिस्ती समुपदेशकांना वाईट खोड आहे. ते बाजूला ठेवून मी झोप, भूक, रडू येणे आणि जगणे नकोसे वाटणे यांविषयी विचारले, कारण अपराधीपणाची अशी भावना कधी कधी नैराश्याच्या आजाराचे लक्षण असते आणि तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्यात दिरंगाई करू नये. येथे मला आजारापेक्षा थकवाच दिसला. मग त्यांना दिवसभरात काय काय करता, एवढेच सांगायला सांगितले.

सकाळी त्या कोमट पाणी घेऊन पतीजवळ बसत, अंगठ्यापासून सुरुवात करून आखडलेली बोटे एकेक करून हळूहळू सोडवत, तळहात पुसून बोटांच्या बेचक्या कोरड्या करत आणि नखे काढत. हे करताना प्रभूची प्रार्थना म्हणत. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" या ओळीशी बहुधा करंगळी यायची, असे सांगताना त्या पहिल्यांदा हसल्या. लकव्यानंतर मूठ आवळली जाते ती मेंदूला झालेल्या इजेमुळे, घरच्यांच्या विश्वासाच्या कमीजास्तपणामुळे नव्हे. आणि अशी मूठ रोज उघडून स्वच्छ केली नाही, तर नखे तळहातात रुततात, कातडी ओलसर राहून सडते. त्यांच्या पतीच्या तळहातावर एकही जखम नव्हती. ही गोष्ट त्यांनी कधी मोजलीच नव्हती.

बोलता बोलता २०१६ चा उन्हाळा निघाला, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तो. टँकर आला की आपल्या वाट्यातली एक घागर त्या शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या आजींच्या दाराशी ठेवून येत. "हे चिडायचे माझ्यावर," त्या म्हणाल्या, जणू एखादी चूक कबूल करत होत्या. मत्तयाच्या शुभवर्तमानात थंड पाण्याच्या एका प्याल्याचेही प्रतिफळ सांगितले आहे, याची आठवण त्या वेळी मी करून दिली नाही. पहिला धडा मला पुरला होता.

पुढच्या भेटीत मात्र आम्ही मार्कच्या शुभवर्तमानाचा १२ वा अध्याय एकत्र वाचला. दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेचा हा उतारा आपल्याकडे बहुधा दानार्पणाच्या आवाहनासाठीच वापरला जातो. मी त्यांना एवढेच विचारले की, तिने सर्वांपेक्षा अधिक टाकले, हे येशूने कुणाला सांगितले? "शिष्यांला," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "तिला नाही सांगितलं." ती बाई आपल्याकडे कुणी पाहिले हे न कळताच घरी गेली असावी, असे मलाही त्या दिवशी प्रथमच जाणवले.

यानंतर माझी एक चूक झाली. रोज केलेली छोटी कामे वहीत लिहा, असे मी सुचवले, आणि आठवड्यातच त्या वहीचा जमाखर्च झाला : आज दोनच, काल चार. आम्ही ती बंद केली. त्याऐवजी मंडळीतील दोघी जणी बुधवारी दुपारी घरी येऊन बसतील, एवढी व्यवस्था त्यांनी पाळकांना सांगून स्वतःच करून घेतली, आणि तेवढ्या दोन तासांत त्या झोपू लागल्या.

शेवटची भेट ठरली होती त्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, पाणी तापलंय, आज काय जमत नाही. पुढच्या आठवड्यात बघू." त्यानंतर त्या आल्या नाहीत, आणि मीही बोलावले नाही.