‘आय डिड कॉल यू’मधला ‘डिड’ कशाला?

प्रश्न असा आहे: ‘डू’ आणि ‘डिड’ प्रश्नात नाहीतर नकारात येतात असं शाळेत शिकलो, मग ‘आय डिड कॉल यू’ चुकीचं नाही का?

चुकीचं नाही. शाळेत सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. साध्या होकारात ‘डिड’ची गरज नसते, म्हणून तो आला की समजायचं, बोलणाऱ्याला काहीतरी खोडून काढायचंय. ‘तू फोन केला नाहीस’ या तक्रारीवर ‘आय कॉल्ड यू’ ही नुसती माहिती झाली. ‘आय डिड कॉल यू’ म्हणताना ‘डिड’वर जोर पडतो आणि आवाज चढतो. आपण तिथे शेवटी ‘की’ लावतो: ‘केला होता की फोन!’ अशा वेळी ‘च’ घालायचा मोह होतो, पण जपून. ‘फोन केलाच’ म्हणजे नको म्हणत असताना केला.

मला याहून गोड वाटतो तो कबुलीचा ‘डिड’. ‘ही डिड कम, बट ही डिडन्ट स्टे.’ म्हणजे ‘तो आला खरा, पण थांबला नाही.’ कुठल्या शब्दकोशात ‘डिड’समोर ‘खरा’ मिळायचा नाही, पण काम तेच. ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघत बसतो. फरक इतकाच की आपला ‘खरा’ ती आली तर ‘खरी’ होतो, पैसे दिले तर ‘खरे’. आणि ‘डू सिट डाउन’ म्हणजे आपलं ‘बसा ना!’

चुका होतात त्या ‘आय डिड टोल्ड’ अशा. भूतकाळाचं ओझं ‘डिड’ने उचललं की पुढचं क्रियापद मूळ रूपात: ‘आय डिड टेल’. वाक्यात आधीच सहायक क्रियापद असेल तर ‘डू’ला बोलवायचं नाही, आहे त्याच्यावरच जोर द्यायचा: ‘आय हॅव पेड’. तिथे ‘आय हॅव’चं ‘आइव्ह’ करून चालत नाही, कारण जोर द्यायला जागाच उरत नाही.

संविधानाच्या उद्देशिकेतला ‘डू हिअरबाय अडॉप्ट’ मात्र वेगळा. तिथे कुणाला खोडून काढायचं नाही, ती कायद्याच्या भाषेची जुनी ऐट आहे. मराठी उद्देशिकेत ‘हिअरबाय’साठी ‘याद्वारे’ आहे. ‘डू’साठी काहीच नाही, आणि वाचताना कुठे अडतही नाही.